सोळावी ओळ

दिवा राहू दे तसाच. हे सांगताना मला अंधार नको वाटतो.

फेब्रुवारीत मी क्लिओकाकांकडे गेले, ती फक्त एक टेप आणायला. काका म्हणजे माझ्या बाबांचे रॅपमधले जोडीदार. नव्व्याण्णव साली डेट्रॉइटच्या पूर्व भागातल्या सात मित्रांनी कुठल्याही कंपनीविना एक अल्बम केला, आमच्याच तळघरात. तो कधी निघालाच नाही. त्याच एप्रिलात बाबा गेले. मी दीड वर्षाची होते. त्यांचा आवाज मला आठवत नव्हता.

"आल्या, स्कॉटलंडच्या बाईसाहेब," काका म्हणाले. "एवढं शिकून परत इथंच? डोकं तिकडंच विसरलीस की काय?"

"अल्बम पुरा करून बाहेर काढणार आहे, काका. आपली माणसं कशी बोलायची, ते जगाला त्यांच्याच तोंडून ऐकू दे."

"नवव्या गाण्यात एक कडवं रिकामं आहे. सोळा ओळी. तुझा बाप गेल्यावर तिथं पाच जणांना उभं केलं मी. कुणाचंच जुळलं नाही."

"मग मी म्हणते."

काकांनी टेप माझ्या हातात ठेवली, पण लगेच सोडली नाही. "म्हण," एवढंच म्हणाले.

घरी परतले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, तरी तळघराच्या खिडकीवर बर्फ साचून आत संध्याकाळ झाली होती. ओल्या सिमेंटचा आणि जुन्या गालिच्याचा वास. बाबांचा आठ चॅनेलचा रेकॉर्डर जागच्या जागी होता. सहा चॅनेलवर ठेका आणि वाद्यं. सातवं रिकामं. आठव्याची आवाज कमी-जास्त करायची दांडी कुणीतरी काळ्या चिकटपट्टीनं खाली दाबून टाकली होती. मला वाटलं, मोडली असेल.

शेजारी कुणी नव्हतं. वरही कुणी नव्हतं. मी लिहायला बसले, ते जणू तुंबलेलं पाणी सुटलं. पहिली ओळ संपली 'दार'वर. दुसरी 'गार'वर. तिसरीत गल्लीत उरलेली घरं आली, 'चार'. पंधरा ओळी झाल्या आणि अडले. पंधराच माईकवर म्हटल्या, सातव्या चॅनेलवर, सोळावीची जागा सोडली.

मग ऐकताना सहज ती चिकटपट्टी काढली आणि आठवी दांडी वर सरकवली.

"...दार," माझ्या आवाजाखालून एक पुरुष म्हणाला.

माझ्याबरोबर. अगदी त्याच क्षणी.

"...गार."

"...चार."

रॅपर आपलं कडवं म्हणून झालं की दुसऱ्या चॅनेलवर ओळींचे फक्त शेवट पुन्हा म्हणतात, शब्दाला वजन यावं म्हणून. आधी कडवं, मग शेवट. उलटं कुणीच करत नाही.

मी काकांना फोन लावला. "आठव्या चॅनेलवर कोण आहे?"

"तुझा बाप. मार्चमध्ये भरलं त्यानं. आम्ही हसलो, म्हटलं, येड्या, कडवं कुठंय? म्हणाला, ज्याचं आहे तो घेऊन येईल... त्या पाच जणांचे शब्द त्या शेवटांवर बसेनात, पोरी. मग मीच पट्टी लावली." त्यांनी हळूच विचारलं, "तुझे... बसले?"

मी रडत होते, आणि खरं सांगते, भीतीनं नाही. माझं वाक्य माझ्याबरोबर कुणी पुरं केलं, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

टेप चालूच होती. सोळावी ओळ आली. सातव्यावर मी गप्प. आठव्यावर एक शब्द उमटला.

दोन आवाजांत. एक बाबांचा. दुसरा माझा, धाप लागलेला. मी तर तो शब्द अजून म्हटलाच नव्हता.

टेप मी तीनदा मागे नेली. तीनदा तेच.

ती सोळावी ओळ म्हटली, की अल्बम पुरा होईल. काका दर आठवड्याला विचारतात, "कधी काढतेस?" मी म्हणते, बघू. रोज दुपारी खाली जाते, बाबांबरोबर पंधरा ओळी म्हणते आणि ओठ घट्ट मिटून घेते. तो शब्द काही विशेष नाही. दुकानात, रस्त्यात, कुणीही दिवसातून चारदा म्हणेल असा. बाबा तो म्हणाले आणि महिन्याभरात गेले. मी म्हणत नाही. दुसरा शोधते, वाक्य फिरवते, नाहीतर गप्प बसते.

तुला हे सगळं सांगतानाही मी तो टाळला आहे.