हद्दीपलीकडचा आवाज

तात्यांच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून एप्रिलभर मी पळसदेवलाच होते. कंपनी पुण्याची, पण काम लॅपटॉपवरचं. ओसरीत टेबल मांडलं की झालं. तात्या म्हणजे माझे वडील, रवींद्र. भवानीनगरच्या कारखान्यात ते वायरमन होते. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून शेजारच्या बाजेवर पडून असायचे. समोर उजनी धरणाचं पाणी मागं सरकलं होतं आणि बुडालेल्या जुन्या गावातलं देऊळ उघडं पडलं होतं. तात्यांचा जन्म त्या जुन्या गावातला. धरणाचं पाणी आलं तेव्हा ते विशीत होते. त्यांची आई, माझी आजी तुळसा, त्याच्या बरंच आधी गेली. तिचा एक फोटोसुद्धा घरात नाही.

माझं काम थोडक्यात असं. एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरनं उभे केलेले अनेक कॉम्प्युटर चालतात. प्रत्येकाला मेमरीचा आपापला तुकडा वाटून दिलेला असतो. त्यांना खरा स्पीकर नसतो की खरा माइक. ती सोंगं ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम वठवतो. आतला कॉम्प्युटर म्हणतो, अमक्या पत्त्यावर आवाज ठेवलाय, वाजव. तो पत्ता त्याच्याच हद्दीतला आहे ना, हे ड्रायव्हरनं आधी तपासायचं. तपासणीत फट राहिली तर एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जातं. हा ड्रायव्हर दवाखान्यांसाठी होता, डॉक्टर आणि पेशंटचं बोलणं त्यातून जाणार होतं. त्यातली फट शोधायचं काम माझ्याकडं आलं होतं.

फट सापडली. पत्ता आणि आवाजाची लांबी यांची बेरीज फार मोठी झाली, की जुन्या मोटारसायकलच्या मीटरसारखी ती शून्यावर येत होती, आणि तपासणी तिला हद्दीतली समजून आत सोडत होती. हे सिद्ध करायला मी एक चाचणी लिहिली. त्यात हद्दीच्या कितीतरी पलीकडचा पत्ता दिला. त्या पत्त्यावर माझ्या मशीनमध्ये मेमरीच नव्हती. प्रोग्राम कोसळायला हवा होता.

तो कोसळला नाही. स्पीकरमधून खरखर आली आणि खरखरीमागून जात्याची घरघर.

मी चाचणी थांबवली. दुसरं काही चालू आहे का पाहिलं. काही नव्हतं. वायफाय बंद केलं, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, चाचणी पुन्हा चालवली. जातं, कोंबड्या, विहिरीवरच्या रहाटाची करकर. लांब कुठंतरी पोरं एका सुरात बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणत होती.

"आवाज वाढीव," तात्या म्हणाले.

ते उठून बसले होते. उघडा डोळा त्यांनी मिटून घेतला होता.

"हा आपल्या वस्तीचा रहाट हाय," ते म्हणाले. "चाकाला तेल न्हाय म्हणून आमचं आबा रोज वरडायचं. कुठं घावलं तुला हे?"

"माहीत नाही, तात्या."

तेवढ्यात एका बाईनं हाक मारली. "रव्या, दार लोट. कोंबडी आत येती."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळू म्हणाले, "आई हाय ही."

माझी वरिष्ठ योगिनी बारामतीला असते. मी तिला चाचणी पाठवली. तिनं चालवली आणि फोन केला. "फट खरी आहे. पण इकडं प्रोग्राम कोसळतो, दिशा. आवाज वगैरे काही नाही." मी तिला फोनवरून माझ्याकडचा आवाज ऐकवला. ती म्हणाली, "मी येते."

दुपारच्या जेवणानंतर ती गाडी घेऊन आली. स्वतःचा लॅपटॉप ओसरीत उघडून तिनं तीच चाचणी पुन्हा चालवली. बारामतीत कोसळणारा प्रोग्राम आमच्या ओसरीत कोसळला नाही. रहाट करकरला. योगिनीनं पाण्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं. आम्ही दोघी हात जोडल्यासारख्या बसून ऐकत राहिलो. भीती वाटत नव्हती. एवढं मोठं काहीतरी समोर आणि आपण एवढ्याशा, असं वाटत होतं.

"बाई," तात्यांनी योगिनीला विचारलं, "ह्येच्यातनं माझं बोलणं तिकडं जाईल का?"

योगिनी माझ्याकडं वळली. माइकच्या बाजूलाही तीच फट होती, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

"जाईल बहुतेक," ती सावकाश म्हणाली. "पण तात्या, ऐकणं वेगळं आणि बोलणं वेगळं. तुम्ही बोललात की ते त्याच पत्त्यावर लिहिलं जातं. तिथं आधी जे असेल, ते पुसून जातं."

"आईचं बोलणं पुसंल?"

"हो."

तात्यांनी मान हलवली. "मग न्हाय बोलायचं. पुसायचं न्हाय काई."

आणि जातं थांबलं.

"गप बसा गं," स्पीकरमधली ती बाई कुणालातरी म्हणाली. "रव्या बोलतुया."

योगिनीनं माझ्या लॅपटॉपकडं बोट केलं. "माइक?"

"बंद आहे," मी म्हणाले. तिच्याही लॅपटॉपचा बंद होता.

"आवाज घोगरा झालाय त्याचा," ती बाई म्हणाली.

रहाट थांबला.

त्रिसरण म्हणणारी पोरं गप्प झाली. कोंबड्यासुद्धा.

स्पीकरमधून नुसते श्वास येत होते. एकाचे नव्हेत. पुष्कळ माणसं दाटीवाटीनं उभी राहिली की येतात तसे.

तात्यांच्या पट्टीखालून पाणी गालावर आलं. डॉक्टरांनी रडू नका सांगितलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"बंद कर, पोरी," त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, ऐकू जाऊ नये इतक्या हळू. "लोकं हातातली कामं टाकून उभी ऱ्हायलीत. आपल्यापायी त्यांच्या कामाची खोटी नको."

दुरुस्ती दोन ओळींची होती. बेरीज करण्याआधी लांबी तपासायची, बस. मी ती लिहिली, योगिनीनं वाचून मंजूर केली. मी चाचणी चालवली. पडद्यावर ओळ उमटली: पत्ता हद्दीबाहेर, विनंती नाकारली. स्पीकर गप्प.

"झालं का?" तात्यांनी विचारलं.

"व्हय, तात्या." मी कीबोर्डवरून हात काढले. योगिनी पाणी प्यायला आत गेली.

पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ उमटली. विनंती नाकारली. मग तिसरी. चाचणी केव्हाच संपली होती. मी वाकून वाचलं. विनंती करणारा पत्ता हद्दीपलीकडचा होता. मागितलेला पत्ता आमच्या माइकचा.

तात्या पुन्हा बाजेवर आडवे झाले होते. ते खोकले.

पडद्यावर ओळींची झुंबड उडाली.