थोडीशी सूज

रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला वळसा घालून पुढे गेलं की कोपऱ्यात एक दार होतं. दारावर ‘समुपदेशन’ अशी पाटी. आत टेबल, तीन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा. बाहेर भिंतीला टेकून एक लांबलचक बाक. या खोलीत बसणाऱ्या बाईला सगळ्यांनी ‘मलमपट्टी’ असं नाव ठेवलं होतं. वरच्या मजल्यावर डॉक्टर आजाराची बातमी द्यायचे आणि ती ऐकून जे कोलमडायचे त्यांना खाली हिच्याकडे पाठवायचे. चिरा त्यांचा, पट्टी हिची. नाव तिच्याही कानावर आलं होतं, पण बावीस वर्षं हे काम केल्यावर माणूस असल्या गोष्टींवरून रुसत नाही.

त्या बुधवारी दुपारी साडेतीनला ती फाइली पुऱ्या करत बसली होती. तपासणीची वेळ संपली होती. फरशी नुकतीच पुसली होती, फिनेलचा वास दाराखालून आत येत होता. कुणीतरी दोन बोटांनी दार वाजवलं.

“ताई, येऊ का? माझाच नंबर ना?”

“या, बसा,” ती मान वर न करता म्हणाली. मग तिचं पेन जागच्या जागी थांबलं. तो आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता, आणि तो माणूस शुक्रवारी गेला होता.

आता हा माणूस कोण, ते सांगायला हवं. सारा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला म्हणून सगळे त्यांना लिफ्टवाले काका म्हणत. अडीच महिन्यांपूर्वी ते पहिल्यांदा आले तेव्हा डोळे पिवळे झाले होते, अंगाला खाज, रात्रभर पाठीत कळ, आणि पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं. स्वादुपिंडाचा कर्करोग. यकृतात पसरलेला. डॉक्टरांनी हिशेब महिन्यांतच सांगितला, पण तो काकांना नव्हे, त्यांच्या बायकोला. त्या माउलीने मलमपट्टीला जिन्यापाशी गाठलं.

“त्यांना सांगू नका हो. धसक्यानेच जातील. पाया पडते तुमच्या.”

आजार ज्याचा, त्याला तो कळायचा हक्क पहिला. हे मलमपट्टीला ठाऊक नव्हतं असं नाही, नवीन येणाऱ्या मुलींना ती हेच शिकवत असे. पण त्या बाईने तिचा हात सोडलाच नाही. आठवडाभराने बघू, असं तिने मनाशी ठरवलं आणि काकांना तिचं नेहमीचं वाक्य सांगितलं, “थोडीशी सूज आहे. उतरायला वेळ लागेल.” आठवडाभराने बघू म्हणता म्हणता दहा आठवडे गेले.

काकांनी विचारलं नाही असंही नाही. एकदा ते सहज म्हणाले होते, “ताई, लिफ्ट बंद आहे अशी पाटी लावली ना, की लोक मुकाट्याने जिना धरतात. दोन शिव्या देतात, पण चढतात. पाटीच लावली नाही, तर बटण दाबत तिथेच उभे राहतात. काही तर तासन् तास. मला काही पाटी आहे का?”

“नाही हो काका. सूज आहे फक्त.”

“मग उतरली की भावाकडे जायचंय. अकरा वर्षं बोललो नाही आम्ही. असल्या पिवळ्या तोंडाने नको, बरा होऊन जातो.”

आणि शुक्रवारी बायकोचा फोन आला. गेले. शेवटपर्यंत एकच विचारत होते, सूज कधी उतरणार.

तेच काका आता समोरच्या खुर्चीवर बसले होते. खुर्ची जराही करकरली नाही. गेल्या बुधवारपेक्षा ते आणखी वाळले होते, पट्ट्याला आणखी एक भोक पडलं होतं, आणि डोळ्यांचा पिवळेपणा आता गालांवर उतरला होता.

“पाठ फार दुखते हो, ताई. गोळीचा काही उपयोग नाही... आणि घरी माझ्याशी कुणी बोलत नाही. मी जवळ बसलो की बायको उठून दुसऱ्या खोलीत जाते. रागावली असेल का?”

बावीस वर्षांच्या सवयीने तिची जीभच बोलून गेली, “उतरेल... हळूहळू.”

“बरं. मग पुढल्या बुधवारी येतो.” प्रत्येक भेटीला पेशंट एका कागदावर त्रास किती ते शून्य ते दहामध्ये खूण करून सांगतो. काकांनी तो कागद नेहमीसारखा ओढून घेतला, आठवर फुली मारली आणि दार लोटून गेले. ती धावत बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता आणि ओल्या फरशीवर तिचीच पावलं उमटली होती.

पुढच्या बुधवारी तिने सरळ रजा टाकली. गुरुवारी झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “काल एक जण येऊन बसले होते तुमच्या खोलीत. पिवळे, हाडांचा सापळा नुसता. मी म्हटलं, मॅडम नाहीत. तर म्हणाले, असू दे, मी थांबतो. पाठ धरून बसले होते बिचारे.”

टेबलावर कागद होता. त्यावर नऊवर फुली होती.

तेव्हा मलमपट्टीला खरी भीती वाटली, आणि ती काकांची नव्हती. माणूस गेला, त्याचं दुखणं मात्र थांबलं नव्हतं, आठवड्यागणिक वाढतच होतं. सगळं संपलंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता ते सांगणारी तिच्याशिवाय दुसरी कोण होती?

तिसऱ्या बुधवारी ती दुपारपासूनच दाराकडे तोंड करून बसली. साडेतीनला दारावर दोन बोटं वाजली. काकांना आता ताठ बसता येत नव्हतं, त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले होते.

“काका,” ती म्हणाली, “ती सूज नव्हती. कर्करोग होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

काकांनी फुलीचा कागद बाजूला सारला.

“आणि तुम्ही... तीन शुक्रवारांपूर्वी... पहाटे...” पुढचे शब्द काही केल्या तिच्या तोंडून निघेनात.

“म्हणून ती बोलत नाही होय,” काका हळूच म्हणाले. “भावाकडे जायचं राहिलं.”

“ते आले होते, काका. काकू म्हणाल्या. सगळं उरकेपर्यंत थांबले होते.”

“रडला का?”

“मला... माहीत नाही.”

“अडीच महिने होते माझ्याकडे, ताई. दहा वेळा जाऊन आलो असतो.” आवाजात राग नव्हता. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. ती ढसाढसा रडू लागली, आणि रुमालांचा डबा काकांनीच तिच्याकडे सरकवला. मग ते उठले, उठताना त्यांनी पाठ धरली नाही. “सांगितलंत, बरं झालं. बाहेर बाकावर बसलेले बाकीचे म्हणत होते, ती कधीच सांगायची नाही.”

“बाकीचे कोण?”

काका गेले होते.

तिने तोंड धुतलं. यापुढे नाही, असं ती आरशासमोर मोठ्याने म्हणाली. कुणी पाया पडो, कुणी डोकं आपटो, ज्याचं त्याला सांगायचं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं आणि तिने दार उघडलं.

जिन्यावरून एक मुलगी तिच्या आईला धरून येत होती. वरच्या डॉक्टरांनी पाठवलेली चिठ्ठी मुलीच्या हातात होती, आईचे डोळे पिवळे होते. बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. आई त्याच्याजवळ गेली, थोडी वाकली, “जरा सरकता का?” म्हणाली, क्षणभर थांबली, आणि अगदी कडेला अंग चोरून बसली.

मलमपट्टीने रिकाम्या बाकाकडे पुन्हा एकदा पाहिलं. ती काही बोलायच्या आत मुलीने तिला खोलीत ओढलं.

“मॅडम, आईला सांगू नका.”

“नाही. तो त्यांचा हक्क आहे. मी सांगणार.”

“मला नववा लागलाय. या बाळाच्या आशेवर ती उभी आहे, मॅडम. तेवढं होऊ द्या. मग मी स्वतः सांगेन, शपथ.” मुलीने तिचा हात धरला होता.

तिने हात सोडवून घेतला, बाहेर आली आणि आईसमोर गुडघ्यांवर बसली. शब्द जुळवून ठेवलेले होते.

“मला काय झालंय हो, ताई?” आईने विचारलं.

दारात मुलगी उभी होती, एक हात चौकटीवर, एक पोटावर. ती नुसती मान हलवत होती. नको. नको.

“थोडीशी सूज आहे,” मलमपट्टीने स्वतःला म्हणताना ऐकलं. “उतरायला वेळ लागेल.”

आईने समजुतीने मान डोलावली. मग ती रिकाम्या बाकाकडे वळली आणि हलक्या आवाजात म्हणाली,

“तुम्ही म्हणालात, अगदी तस्संच म्हणाल्या हो या.”