बाबू स्त्रीपार्टी खंय गेलो?

दार ओढून घे गो तन्वी, आणि तो मोबाईल ठेव आधी. ही गोष्ट आचऱ्याच्या गुरुदास मास्तरांची. माणूस हयात आहे. खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचारा.

तोंडवलीच्या दशावतारी मंडळाला साठ वर्षं झाली, म्हणून गुरुदासनं मंडळाचा इतिहास लिहायला घेतला होता. गेल्या डिसेंबरात, सात तारखेला, जुने फोटो आणायला तो मंडळाचे मालक भाई यांच्या घरी गेला. फोटो हे आपलं निमित्त हो! खरी टोचणी वेगळीच. त्याचा बाप बाबू याच मंडळात स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांची कामं, करायचा, आणि तीस वर्षांपूर्वी एका पहाटे नाहीसा झाला. "पळान गेलो," असं भाईंनी गावभर सांगितलं. तेव्हापासून त्याची आई सावित्री वाट बघत होती. आता अर्धांगानं अंथरुणाला खिळली, तरी तिचं एकच, "गुरु, आसा काय नाय, तितक्या तरी माका कळांदे."

भाई दोनदा चहा पाजणार, पण बाबूचं नाव निघालं की नजर खाली. कुठंतरी पाणी मुरतंय, हे गुरुदासला पक्कं ठाऊक. त्या दिवशी शेवटची एसटी चुकली, की यानं मुद्दाम चुकवली, देव जाणे. भाईंनी पडवीत चटई टाकून दिली.

रात्री सव्वादोनला त्याला जाग आली. माजघरात झिरोचा बल्ब. वेशांचा पेटारा उघडा. आरशासमोर कोणीतरी लुगडं नेसून, पाठमोरं बसलंय... तोंडाला रंग लावतंय. गुरुदासच्या मनात आलं, बघा हा थेरडा! रात्रीबेरात्री काय चाललंय याचं?

आता दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. वेश चढवला की समोरच्यानं विचारलेल्याला उत्तर द्यावंच लागतं, गप्प राहता येत नाही. म्हणून त्या मंडळाची रीतच होती, खेळ नसताना रंगवलेल्याला काही विचारायचं नाही. गुरुदास संतापला होता. विसरला.

"भाई, माजो बापूस खंय गेलो? खरा सांगा."

हात थांबला.

"मी... खंय जावक नाय..."

बाईचा आवाज. बारीक.

"दर्यार... तोंड धूवक उतारलंय..."

तेवढ्यात मागं कोणीतरी खोकलं.

"गुरुदास, कोणाशी बोलतंस रे?"

भाई. काठी टेकत, पाठीमागून.

गुरुदासनं वळून पाहिलं. मग परत आरशाकडे...

कोणी नाही. पेटारा बंद. कुलूप.

भाईंनी पेटाऱ्याचं कुलूप चाचपून बघितलं. "तुका सांगल्यान?" एवढंच म्हणाले, आणि रडत रडत सगळं ओकले. खेळ संपल्यावर बाबू वेशातच समुद्रावर तोंड धुवायला गेला आणि भाईंच्या डोळ्यांदेखत लाटेनं ओढला. मंडळ अपशकुनी ठरेल, जत्रेला कोणी बोलावणार नाही, या भीतीनं भाईंनी ते लपवलं.

गुरुदास पहिल्या गाडीनं घरी आला. आईला सांगायचं कसं, वाटभर त्याचा जीव तुटत होता.

सांगावंच लागलं नाही.

"ते इल्ले रे रातीक, घराक," आई म्हणाली.

शेजारची काशीबाई सोबतीला रात्रभर दारातच झोपली होती. तिला कसलीच चाहूल नाही. आपल्यात नवरा गेला की बायकोच्या बांगड्या फोडतात. सावित्रीच्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतलेल्या, साबण लावूनही निघायच्या नाहीत. त्या उशाशी एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. एकही तडकली नव्हती.