हुंकार देणारी

यशोधराबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलं. कुठल्या वाडीत कोण कितव्या महिन्यात आहे, कुणाच्या पोराचा कुठला डोस राहिलाय, कुणाचं वजन दोन महिने आहे तिथंच आहे. चौतीस वर्षं त्या मावळात नर्स होत्या. पवनेकडच्या गावांना एसटी दिवसातून दोनदा जायची, तेव्हापासूनच्या. भुताखेताची गोष्ट कुणी सुरू केली की त्या शांतपणे विचारायच्या, "वाजले किती होते? बरोबर कोण होतं?" निम्म्या गोष्टी तिथंच संपायच्या.

आता कान्हे गावातल्या घरात त्या आणि नवरा राजेंद्र, दोघंच. राजेंद्र कंपनीतून निवृत्त झालेले. सकाळी पेपर, संध्याकाळी स्टेशनापर्यंत फेरी, मधल्या वेळात घरातल्या प्रत्येक बिजागरीला तेल. मुलगा प्रितम आणि सून चैताली वाकडला राहायचे. चैतालीला सातवा लागला तेव्हा एका रविवारी ती आली आणि प्रितमचा जुना फोन तिनं सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"आई, रोज थोडं थोडं यात बोला. तुमचं लहानपण, नोकरी, घरात काय शिजायचं, सगळं. बाळ मोठं झाल्यावर ऐकेल."

"माझ्यात काय आहे एवढं ऐकण्यासारखं?"

"माझ्या आजीचा आवाजसुद्धा नाही हो माझ्याकडे," चैताली म्हणाली.

हे मात्र यशोधराबाईंना लागलं. त्यांच्या आईचा, चिमाबाईचा, एकच फोटो होता आणि त्यातही तिचे डोळे मिटलेले होते.

दुपारी दोनच्या सुमाराला कान्ह्यात सामसूम असते. लोकल विरळ असतात. एखादी मालगाडी गेली की खिडकीची तावदानं थरथरतात आणि पुन्हा सगळं निवांत होतं. त्या वेळी मागच्या पडवीत चटई टाकायची, पालथ्या डब्यावर फोन उभा करायचा आणि हाताला काहीतरी काम घेऊन बोलायचं, असा त्यांनी नेम धरला. थंडीचे दिवस होते. बहुतेक वेळा पावटे सोलायचे असत.

आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा घरातला कोनाडा रिकामा झाला आणि आईनं त्यात पाटी-पेन्सिल ठेवली, ते त्यांनी सांगितलं. कामशेतच्या भाताच्या गिरणीतून आलं की तुसाचा वास दोन दिवस केसांतून जात नसे, ते सांगितलं. पहिली साडी, पहिला पगार, पावसात ओढ्याच्या अलीकडे अडकून पडलेली रात्र. शेवटी न चुकता त्या दिवसाचं: आज उसळ केली, ह्यांनी दोनदा घेतली, गॅलरीतल्या कुंडीत बुलबुलानं घरटं धरलंय. बोलताना त्यांना मजा येऊ लागली. माणसाला स्वतःचं आयुष्य एवढं आवडू शकतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पाचव्या दिवशी, नीट येतंय का बघू, म्हणून त्यांनी पहिलं रेकॉर्डिंग लावलं. स्वतःचा आवाज परका वाटला. गाडी गेली, भांडं वाजलं. आणि मग, चिमाबाईनं पाटी कोनाड्यात ठेवली तिथं त्या क्षणभर थांबल्या होत्या, त्या थांबण्यात कुणीतरी म्हणालं,

"हं."

गोष्ट ऐकणारं पोर देतं, तसा हुंकार. बारीक आवाज, पाचेक वर्षांच्या मुलीचा.

यशोधराबाईंनी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग पुढचं. जिथं त्या श्वास घ्यायला थांबल्या होत्या, तिथं तो होता. प्रत्येक ठिकाणी नाही. गोष्ट जिथं हुंकार मागत होती, तिथं.

त्या घाबरल्या नाहीत. त्यांनी तपासायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी राजेंद्रांना कामशेतला पाठवलं, दारं लावली, पंखा बंद केला आणि दहा मिनिटं गप्प बसून रेकॉर्डिंग केलं. ऐकलं. काही नाही. मग दहा मिनिटं पेपर मोठ्यानं वाचला. काही नाही. मग आपल्या पहिल्या बाळंतपणाची हकिकत सांगितली, प्रितमची. सव्वादोन मिनिटांनी "हं." चौथ्या मिनिटाला "हं." प्रितम पायाळू होता हे आलं, तिथं अगदी पटकन, "हं?"

राजेंद्र परत आले तेव्हा त्यांनी काही न सांगता फोन त्यांच्या कानाशी धरला. राजेंद्रांनी सगळं ऐकून घेतलं. कपाळाला आठी घातली, चष्मा काढला, पुसला.

"शेजारचं पोर असेल."

"शेजारी कुलूप आहे. महिना झाला."

"मग असेल कुणीतरी," राजेंद्र म्हणाले. "ऐकतंय ना नीट? मी तरी इतकं नीट ऐकलं नव्हतं कधी."

ते हसले. त्याही हसल्या. मात्र त्या दिवसापासून राजेंद्र दुपारी पडवीत येईनासे झाले.

यशोधराबाईंना त्या हुंकाराची सवय लागली. खरं सांगायचं तर ओढ लागली. बोलताना पडवीत काहीच ऐकू यायचं नाही, पण संध्याकाळी चहा घेऊन त्या रेकॉर्डिंग लावायच्या आणि आपण सांगितलेलं कुठं आवडलं ते बघायच्या. काही भाग त्यांनी चैतालीला पाठवले.

"आई, कित्ती छान सांगता," चैतालीचा फोन आला. "आणि त्या दोघी बहिणी कोण बसतात हो तुमच्याजवळ?"

"दोघी?"

"सुरुवातीला एक अगदी छोटी आहे. परवा पाठवलंत त्यात मोठी आहे, दहा-अकरा वर्षांची असेल."

यशोधराबाईंनी पहिलं आणि परवाचं, दोन्ही लागोपाठ ऐकलं. पोरांची वाढ त्यांनी चौतीस वर्षं तक्त्यावर मांडली होती. दोघी नव्हत्या. एकच होती. ती वाढत होती.

हे त्यांनी चैतालीला सांगितलं नाही. शेजारच्या मुली आहेत, म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात नोकरीच्या गोष्टी सांगता सांगता एक्क्याण्णव साल आलं. ते साल त्या एरवी ओलांडून पुढं जायच्या. पण सगळं सांगायचं म्हटलंय, तर सांगावं, म्हणून त्यांनी थोडक्यात सांगितलं: पवनेच्या अंगाचं एक गाव होतं, कस्तुराबाई नावाची बाळंतीण होती, मी पोचेपर्यंत उशीर झाला होता, मूल मेलेलंच जन्माला आलं.

अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग. संध्याकाळी लावलं. त्यात एकही हुंकार नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम हलकंफुलकं सांगितलं. लोणावळ्याला गेलेली शाळेची सहल, माकडानं पळवलेला डबा. त्यालाही हुंकार आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चार दिवस त्यांनी फोनला हात लावला नाही. जेवणात मीठ कमी पडू लागलं. राजेंद्रांनी विचारलं, "काय झालं?"

"मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "आणि तिला कळलं."

राजेंद्र म्हणाले, "मग खरं सांग की. आता कुणाला भ्यायचंय?"

पाचव्या दिवशी दुपारी त्या पडवीत बसल्या. हातात काही काम घेतलं नाही.

"मार्गशीर्षाचा महिना होता. भाताची झोडणी चालली होती. मी वेळेवर पोचले होते. सव्वाअकरा वाजले होते. कस्तुराबाईची सासू, अंबूबाई, दारात उभी राहिली. म्हणाली, 'तुमी हितंच बसा, बाई. लागलं तर हाक मारू.' का, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी अंगणात पेंढ्यावर बसले. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही."

त्या थांबल्या. एक लोकल स्टेशनात शिरली आणि निघून गेली.

"आतला आवाज मला कळत होता. मूल अडलंय हे आवाजावरून कळत होतं. मी उठून आत गेले असते, तर कुणी मला धरलं नसतं. पण मी म्हटलं, बोलवू देत. त्यांच्या तोंडानं मला आत बोलवू देत. चाळीस मिनिटं मी बसून राहिले.

"बोलावलं तेव्हा मूल निळं पडलेलं. मुलगी. मी तोंड पुसलं, पाठ चोळली, माझा श्वास तिला दिला. ती रडली. एकदाच. मग माझ्याकडे बघत राहिली. नऊ मिनिटं जगली ती, माझ्या हातात.

"रजिस्टरात मी मृत जन्म लिहिलं. अंबूबाई म्हणाली, 'तसंच लिवा.' आणि मलाही ते सोयीचं होतं. जिवंत लिहिलं असतं, तर नर्स चाळीस मिनिटं कुठं होती, असं कुणीतरी विचारलं असतं. नऊ मिनिटं जगलेल्या पोरीची मी एक ओळसुद्धा ठेवली नाही."

संध्याकाळी त्यांनी ते ऐकलं. शेवटच्या वाक्यापर्यंत काहीच नव्हतं. वाक्य संपलं, शांतता झाली, आणि त्या शांततेच्या शेवटी एक लांब हुंकार आला.

"हं."

भरल्या अंगाच्या बाईचा आवाज होता तो. तिशी ओलांडलेल्या.

त्या रात्री यशोधराबाईंना गाढ झोप लागली. सकाळी उठल्या तेव्हा अंग पिसासारखं हलकं होतं. त्यांनी शेवयाची खीर केली, राजेंद्रांना जबरदस्तीनं दोन वाट्या खायला लावल्या. दुपारी पावट्याच्या शेंगा सुपात घेऊन पडवीत बसल्या, फोन चालू केला, आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं की आज सांगायला काहीच उरलेलं नाही.

त्यांना हसू आलं.

"माझं झालं बाई," त्या म्हणाल्या. "आता तू सांग."

आणि पुढं काही न बोलता पावटे सोलत राहिल्या. ऊन जोत्यावर आलं. बुलबुल दोनदा येऊन गेला. सोलून झाले तेव्हा त्यांनी फोन बंद केला. चाळीस मिनिटं झाली होती.

संध्याकाळी त्यांनी राजेंद्रांना हाक मारली. "या ना. आज माझ्याबरोबर बसा."

राजेंद्र आले. चहाची कपबशी हातात धरून चटईच्या कडेला बसले. यशोधराबाईंनी रेकॉर्डिंग लावलं.

त्यांचा स्वतःचा आवाज आला, "आता तू सांग." शेंग मोडल्याचा आवाज. मग ती बोलू लागली.

"मी लवकर उठती, मावशी. म्हशीचं बघती. पोरांना शाळंत धाडती. आवंदा भात लय चांगला झालाय. आय थकलीया आता, उनात बसून आसती..."

तिनं सगळं सांगितलं. चुलीवर काय शिजतं, थोरल्या पोराला काय आवडतं, धाकटी कशी रुसते. खळं कधी सारवलं. धरणाचं पाणी यंदा कुठवर आलं. घाई नव्हती, तक्रार नव्हती. सुखाचा आवाज होता. राजेंद्रांच्या हातातला चहा तसाच गार झाला. यशोधराबाई गालावर हात ठेवून, लेकीचं ऐकावं तशा ऐकत होत्या.

"तुमाला तवा आंगणात बसिवलं," आवाज म्हणाला. "आता घर माजं हाय. आता आलात तर आत यायचं. चुलीपाशी बसायचं. येताय न्हवं, मावशी?"

आणि ती थांबली.

फोनमध्ये काहीच नव्हतं. शेंगेचा आवाज नाही, पाखरू नाही. सेकंदांचे आकडे मात्र पुढं सरकत होते.

"संपलं?" राजेंद्रांनी हळूच विचारलं.

यशोधराबाईंनी नकारार्थी मान हलवली.

एक मिनिट गेलं. फोन वाट बघत होता.

"हं," यशोधराबाई म्हणाल्या.

"बरं," आवाज लगेच म्हणाला. "सावकास या. सुनंचं बाळातपण हुंदे आधी. पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घाला चार दिस. मंग या."

आणि ती पुन्हा आपल्या म्हशीचं सांगू लागली.

राजेंद्रांनी फोनकडे पाहिलं. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग सत्तेचाळिसाव्या मिनिटाला चालू होतं. ते बंद करायला त्यांनी हात पुढं केला.

यशोधराबाईंनी तो अलगद धरला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "तिचं अजून सांगून व्हायचंय."