विकर्सचा नंबर

पाऊस आला आणि बेसबॉलचा खेळ थांबला. मैदानावर ताडपत्री पसरली जात होती, लोक छपराखाली पळत होते. त्या रेटारेटीत एमेट कोवालच्या हॉटडॉगवरची सगळी पिवळी चटणी एका तरुणीच्या पांढऱ्या शर्टावर सांडली.

"डोळे घरी ठेवून आलात का?" ती उसळली. मग तिनं वर पाहिलं आणि एकदम खुदकन हसली. "अय्या... एमेट कोवाल! आपल्या पायलट्स संघाचा कॅचर!"

"होतो. आता नुसता प्रेक्षक."

ओले केस तिच्या कपाळाला चिकटले होते. ती लोर्ना प्रुइट. कॅलोवे शहराच्या रेडिओवर दर शनिवारी खेळावर बोलणारी.

"माझ्या कार्यक्रमात याल? पायलट्सनी विकर्सच्या शर्टाचा नंबर सन्मान म्हणून मैदानाच्या भिंतीवर रंगवावा की नाही, यावर चर्चा आहे."

एमेटनं नजर मैदानाकडे वळवली.

डेस्मंड विकर्स म्हणजे पायलट्ससाठी चेंडू फेकणारा सर्वांत मोठा पिचर. काही वर्षांपूर्वी तळाला लोळणाऱ्या संघाला त्यानं अंतिम सामन्यापर्यंत नेलं, आणि तो सामना त्याच्या एका चेंडूवर गेला. कोणता चेंडू टाकायचा ते समोर चेंडू झेलायला बसलेला कॅचर बोटांनी खुणावतो. दुसऱ्या दिवशी विकर्सनं वर्तमानपत्रांना सांगितलं, 'एमेटची खूण मी झुगारली.' शहरानं त्याच्या नावाचे शर्ट जाळले, आणि तो पश्चिम किनाऱ्यावरच्या संघाकडे निघून गेला. एमेट मात्र सगळ्यांचा लाडका राहिला.

"घमेंडखोर मेला! तुमचं ऐकलं असतं तर..." लोर्ना म्हणाली.

"तसं नाही ते—"

"बघा, अजून त्याला पाठीशी घालताय! मन मोठं आहे हो तुमचं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ती अशी काही बघत होती, की तो 'येईन' एवढंच म्हणाला.

शनिवार येईपर्यंत दोघं रोज भेटले. तळ्याकाठी फिरताना तिनं त्याच्या वाकड्या बोटावरून हलकेच आपलं बोट फिरवलं. "दुखतं?"

"दुखायचं... आता नाही."

ती लाजली. आणि त्याला वाटलं, हे कौतुक आपण चोरून खातोय.

शनिवारी स्टुडिओत एका आजीबाईंचा फोन आला. "त्या विकर्सनं आम्हाला बुडवलं. एमेट, बाळा, तूच सांग."

लोर्नानं हसून मान डोलावली. एमेटचे कान तापले.

"त्यानं खूण झुगारली नव्हती," तो म्हणाला. "तो मानेनं नको नको म्हणत होता, मीच हट्टाला पेटलो. शेवटी बिचाऱ्यानं माझं ऐकलं. आई आजारी होती, मला हे शहर सोडता येणार नव्हतं. तो म्हणाला, 'मी कुठंही जगेन, तुला इथंच राहायचंय. दोष मी घेतो.' आणि मी... मी गप्प बसलो."

लोर्नाचं हसू मावळलं. तिनं घाईघाईनं गाणं लावलं. एमेट खाली मान घालून बाहेर पडला.

"थांब!" ती जिन्यावरून धावत आली. 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं होतं. "आठवडाभर मला मूर्ख बनवलंस!"

"हो... बोल तू. काय बोलायचं ते बोल."

"बोलू कुठल्या तोंडानं? कॉलेजात असताना त्याचा शर्ट मीही जाळलाय." तिचा आवाज कापला. "आत फोन खणखणतायत. अर्धे लोक तुला शिव्या घालतायत, बाकीचे म्हणतायत, नंबर रंगवा."

"आणि तू?"

"नंबर तर रंगवायलाच हवा. पण आधी त्याला फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं मोबाइल स्पीकरवर टाकून नंबर लावला. तिनं त्याचा दुसरा हात घट्ट धरला.

"डेस... मी एमेट. मी आज सगळं सांगून टाकलं."



"गाढवा," पलीकडून आवाज आला. "आई कशी आहे?"

"गेली रे... मागच्या हिवाळ्यात."

"अरे... मग तू तिथं एकटाच आहेस?"

एमेटनं लोर्नाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग होता, पाणीही होतं. ती फोनजवळ झुकली.

"नाही हो," ती म्हणाली. "एकटा नाहीये तो."