रेडिएटरचं पाणी

देवापुढे दिवा लावून हे लिहायला बसले आहे. दिव्यासमोर मी खोटं बोलत नाही. जे झालं तेवढंच लिहीन. पटलं नाही तर सोडून द्या.

गेल्या वर्षीची निर्जला एकादशी. भर दुपार. नेरूळहून खारघरला लेकीकडे निघालो होतो.

आधी गाडीचं सांगते.

ह्यांनी रिटायर झाल्यावर हौसेने जुनी गाडी घेतली. चांगली होती. फक्त तापायची. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरावा, तर खारघर येईपर्यंत पाणी तळाला.

करावे गावातला कुंदन आमचा मेकॅनिक. त्याने पाइप पाहिले, पंप पाहिला, झाकणाचं रबर बदललं. गाडीखाली पुठ्ठा अंथरून ती रात्रभर उभी केली.

पुठ्ठ्यावर एक थेंब नाही.

"लीक नाय, ऑइलमदी पानी नाय, पांढरा धूर नाय," कुंदन डोकं खाजवत म्हणाला. "सुधीरभाऊ, मंग पानी जातंय कुठं?"

"पिते रे ती," हे म्हणाले. "घरात एक निर्जळी, दारात एक पिणारी. मी कुणाकुणाचं बघू?"

सगळे हसलो. मीसुद्धा.

रोज पाणी मीच भरायचे. आधी तुळशीला, मग गाडीला. आणि घालताना सवयीने म्हणायचे, "तृप्त हो."

माझे वडील पितरांना ओंजळीने पाणी सोडताना असं म्हणायचे. लहानपणापासून तो शब्द माझ्या तोंडात बसलाय. कुणालाही पाणी दिलं की निघतोच.

त्या दुपारी पाम बीच रोडवर इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागला.

ह्यांनी हीटर फुल केला. इंजिनाची उष्णता आत ओढली की इंजिन वाचतं, हे कुंदननेच शिकवलेलं. इंजिन वाचतं, पण आतली माणसं भाजतात. काचा खाली करायला गेले, तर त्या उतरेनात.

करावे गावाच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. कुंदनचा फोन लागेना. एकादशीला मी माझा फोन घरीच ठेवते.

"गरम आहे तोवर झाकण उघडायचं नाही," हे म्हणाले. "मी कुंदनला घेऊन येतो. तू दार उघडं ठेवून बस."

रेडिएटरच्या पाण्याची बाटली माझ्या मांडीवर ठेवली आणि गेले.

ते वळणाआड झाले…

आणि माझ्या बाजूचं दार लागलं. हळूच. झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून कुणी लावतं ना, तसं.

वारा नव्हता.

मग चारही कुलुपं. खट्.

किल्ली ह्यांच्या खिशात होती.

हँडल ओढलं. काच ठोठावली. बाहेर गाड्या सुसाट जात होत्या, कुणी मान वळवेना. मी मुळातच हळू बोलणारी. त्या दिवशी ओरडायला गेले, तर कोरड्या घशातून आवाज फुटेना.

नामस्मरण सुरू केलं… आणि थांबले.

समोरच्या जाळीतून गरम हवा येत होती. इंजिन बंद, हीटर बंद. तरी हवा येत होती… थांबत होती… परत आत ओढली जात होती.

श्वास.

मग टाळूला चिकटलेली जीभ सुटावी तसा आवाज. चट्… चट्…

वाटलं, माझाच. मी तोंड घट्ट मिटलं.

चट्…

अगदी कानाशी.

गाडी बंद केल्यावर काटा खाली पडला होता. आता तो उठत होता. किल्ली नसताना. हळूहळू, लाल खुणेकडे.

सीट खालून भाजायला लागली. डोळ्यांपुढे अंधारी आली. कळलं, हे येईपर्यंत मी नसेन.

मांडीवर बाटली. एक घोट घ्यावा, असं मनात आलं. खरं सांगते, आलं. लग्नापासून एकाही एकादशीला आलं नव्हतं.

झाकण उघडलं. बाटली ओठांशी नेली…

श्वास थांबला.

कुणीतरी बघत होतं, मी पिते का.

मी बाटली खाली घेतली आणि त्या जाळीपुढे धरली. सरळ धरली होती, जराही तिरकी नाही.

"घे," म्हणाले. "तृप्त हो."

बाटलीतलं पाणी कमी व्हायला लागलं.

घट… घट… घट…

एकेक घोट, तसा काटा खाली.

शेवटचा थेंब गेला आणि कुलुपं उघडली. मी तापलेल्या डांबरावर कोसळले, तेव्हा कुंदनची स्कूटर पोचत होती.

"अरुणा! दार उघडं ठेव म्हटलं होतं ना!" हे ओरडले. मग रिकामी बाटली दिसली आणि आवाज मऊ झाला. "असू दे. जिवापेक्षा एकादशी मोठी आहे का?"

मी प्यायले नाही, हे त्यांना आजही पटत नाही.

कुंदनने बॉनेट उघडलं. फडक्याने झाकण धरून हळूच फिरवलं. वाफ आली नाही. तो आत वाकला.

"वहिनी… ह्ये बगा."

रेडिएटर काठोकाठ भरला होता. कुंदनने भीतभीत बोट बुडवलं.

"गार हाय," म्हणाला.

गाडी भंगारात दिली. पूजेला आलेल्या गुरुजींना मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"तर्पणात नाव घेऊन पाणी देतात, ताई. तुम्ही कुणाचं नाव घेत होतात?"

"कुणाचंच नाही."

"बिननावाचं पाणी कुणीही तहानलेला घेतो," गुरुजी म्हणाले.

गाडी गेली तेव्हापासून देव्हाऱ्याजवळ झाकून ठेवलेला तांब्या सकाळी रिकामा असतो. मी मुकाट्याने भरते. तो शब्द आता म्हणत नाही.

परवा मात्र भरायचा राहिला. दुपारी घरात एकटीच, पंख्याखाली जरा आडवी झाले होते. घसा कोरडा पडला म्हणून जाग आली.

आणि खोलीचं दार लागलं…

हळूच. झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून कुणी लावतं ना, तसं.