चोवीस तासांचा पाव

"ए चोर! तो माझा डबा आहे!"

माझ्या हातात फावडं, तोंडावर गंधकाची वाफ... आणि समोर एक लांबुडका मुलगा!

आमच्या मिवात्न तळ्याकाठी ज्वालामुखीने तापलेल्या जमिनीत पिठाचा डबा पुरतात, खुणेला दगड ठेवतात आणि चोवीस तासांनी काळा, गोड पाव उकरून काढतात. मी मात्र दगड चुकले. त्याचा पाव सहाच तासांत उघडा पाडला! आतून पार ओला गोळा.

"आता हा कच्चा पाव तूच खायचास," तो म्हणाला. आणि हसला. काय हसला!

ब्यार्तमार त्याचं नाव. देशाच्या पार पश्चिम टोकाहून मामाकडे गवतकापणीला आलेला. उन्हाळाभर आम्ही भटकलो. एकदा भुरभुर पावसात तळ्याजवळच्या विवरांच्या काठावर बसलो होतो.

"ही विवरं खोटी आहेत, माहितीये?" मी ऐट दाखवली. "लाव्हा ओल्या चिखलावरून वाहत आला, खालच्या पाण्याची वाफ झाली आणि — फटाक्! खाली आग नाहीच."

"म्हणजे नुसताच देखावा?"

"हो, तुझ्यासारखा. वर गोड गोड बोलणं, आत काही नाही."

वाटलं, आता तरी म्हणेल... त्याने फक्त एक खडा भिरकावला. मी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

गवत संपलं. निघायच्या आदल्या दुपारी तो म्हणाला, "तुझ्यासाठी डबा पुरलाय. उद्या या वेळी काढ."

"पण तुझी बस सकाळीच आहे!"

"म्हणून तर."

"आत्ताच उकरते मग!"

"परत कच्चा खाशील? या वेळी थांब, सोल्दिस..."

थांबले. बस गेली, मी हातही हलवला नाही. हात हलवला असता तर रडलेच असते. दुपारी धावत जाऊन उकरलं. झाकणावर खिळ्याने कोरलं होतं — 'आत आग आहे.'

तिथूनच फोन लावला. पलीकडे बसची घरघर.

"कच्चा आहे का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही... नीट झालाय. आणि ऐक — माझ्याही आत आहे. पहिल्या दिवसापासून."

पलीकडून तेच हसू ऐकू आलं.

"पुढच्या जूनमध्ये," तो म्हणाला, "दोघांचा एकच डबा पुरू."

नऊ महिने! आणि मला चोवीस तास निघत नव्हते.